ग्नूकॅश: लाइट गेल्यावर हरवलेल्या नोंदी लॉग फाइल हाताने दुरुस्त करून परत आणणे

सोसायटीच्या पावत्या भरता भरता लाइट जाते, मशीन बंद पडतं. लाइट आल्यावर ग्नूकॅश हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडतं, हिशोबाची फाइलही उघडते, पण शेवटच्या वीस-तीस पावत्या गायब असतात. कुणीतरी सुचवतं, ‘लॉग फाइल रीप्ले कर,’ म्हणजे ग्नूकॅश प्रत्येक बदल ज्या वेगळ्या फाइलीत टिपून ठेवतं ती फाइल पुन्हा चालव. ती करून पाहिली की पुढचं काहीतरी घडतं. फाइलचं शीर्ष ओळखता येत नाही असा संदेश येतो. किंवा नोंदी येतात, पण एक-दोन अर्धवट येतात आणि खात्यांच्या यादीत ‘इम्बॅलन्स-आयएनआर’ नावाचं, न जुळणारी रक्कम ठेवणारं खातं उगवतं. किंवा ठीक असलेल्या जुन्या नोंदी बदलून जातात. किंवा काहीच होत नाही.

हे पुन्हा पुन्हा होतं, आणि बहुतेक वेळा सगळ्या नोंदी परत मिळतात. अडतं ते दोन ठिकाणी: चुकीच्या फाइलवर चुकीचा लॉग चालवला जातो, किंवा लॉगमधला एखादा तुकडा खराब असतो. पहिल्या चुकीचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

(खाली कॉलमची, मेन्यूंची आणि फाइलींची नावं, आणि लॉगमधले शब्द व अक्षरंही (स्टार्ट, एंड, बी, सी वगैरे), उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती रोमन लिपीत दिसतील, आकडेही इंग्रजी असतील; फाइलीत लिहितानाही तसंच लिहा.)

काहीही करण्याआधी

हरवलेल्या पावत्या पुन्हा हाताने भरायला घेऊ नका. ग्नूकॅश प्रत्येक व्यवहाराला ३२ अक्षरांचा एक ओळख क्रमांक देतं, त्याला जीयूआयडी म्हणतात. रीप्ले करताना व्यवहार या क्रमांकावरून ओळखला जातो. रक्कम किंवा तारीख पाहिली जात नाही. तुम्ही तीच पावती पुन्हा भरलीत की तिला नवा क्रमांक मिळतो. मग लॉगमधली जुनीही आत येते आणि एकाच सभासदाचे पैसे दोनदा जमा दिसतात.

हिशोबाची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या: मुख्य फाइल, तारखांची शेपूट असलेल्या बॅकअप फाइली, सगळे लॉग. पुढचं सगळं काम दुसऱ्या फोल्डरमध्ये, त्या कॉपीच्या कॉपीवर करायचं. ग्नूकॅश मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसांपेक्षा जुने लॉग आणि बॅकअप आपोआप काढून टाकतं. दुरुस्ती चार दिवस रेंगाळली आणि मधल्या काळात रोजचं काम चालू राहिलं, तर हवा असलेला जुना लॉगच हातातून जाऊ शकतो.

फाइल उघडताना ‘लॉक आहे’ असा इशारा येईल. मशीन अचानक बंद पडल्यामुळे एलसीके नावाची कुलूपफाइल मागे राहिलेली असते. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर तीच फाइल उघडी नाही याची खात्री करा आणि ‘तरीही उघडा’ निवडा.

कोणत्या फाइलवर कोणता लॉग

लॉगचं नाव असं असतं: मुख्य फाइलचं नाव, मग टिंब, मग चौदा आकडे, मग ‘लॉग’. चौदा आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. २०२५०४१२१८४५०७ म्हणजे १२ एप्रिल २०२५, संध्याकाळी ६ वाजून ४५ मिनिटं ७ सेकंद. हा लॉग *सुरू झाल्याची* वेळ आहे. फाइल उघडली की नवा लॉग सुरू होतो, आणि प्रत्येक वेळी सेव्ह केलं की जुना बंद होऊन पुन्हा नवा सुरू होतो.

बॅकअप फाइलवर असलेल्या चौदा आकड्यांचा अर्थ मात्र वेगळा आहे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. सेव्ह करताना ग्नूकॅश आधीची फाइल बाजूला ठेवतं आणि तिला त्या क्षणाचे आकडे लावतं. म्हणजे १८४५०७ चा बॅकअप हा १८:४५:०७ ला झालेल्या सेव्हच्या *आधीची* अवस्था दाखवतो. १८४५०७ चा लॉग त्या सेव्हच्या *नंतरचे* बदल साठवतो. आकडे जुळतात म्हणून हा बॅकअप उघडून त्यावर हा लॉग चालवला, तर मधल्या सत्रातलं काम गळून पडतं आणि ताळा काही केल्या जमत नाही.

बरोबर जोडी अशी: शेवटचं सेव्ह झालेली मुख्य फाइल, आणि त्या सेव्हच्या सुमाराला, किंवा त्यानंतर फाइल उघडताना, सुरू झालेला लॉग. मुख्य फाइलची ‘शेवटचा बदल’ वेळ फोल्डरमध्ये पाहा. तिच्याशी जुळणारे किंवा एखाद-दोन सेकंद पुढचे आकडे असलेला लॉग तुमचा. लाइट गेली त्या सत्रात एकदाही सेव्ह झालं नसेल, तर ती फाइल उघडल्याच्या वेळेचा लॉग तुमचा.

लाइट एकाच संध्याकाळी दोनदा गेली असेल तर? पहिल्यांदा गेल्यावर तुम्ही फाइल उघडली, दहा पावत्या भरल्या, सेव्ह केलं नाही, आणि पुन्हा गेली. आता एकाच मुख्य फाइलवर दोन लॉग आहेत. दोन्ही चालवायचे, आधी आधीचा, मग नंतरचा. क्रम उलटला तर दोन्हींत आलेला व्यवहार जुन्या रूपावर परत जाईल.

यादीत दोनशे बाइटांच्या आतले बरेच लॉग दिसतील. त्यांत नुसती शीर्ष ओळ आणि तिच्याखालची रेघ असते. फाइल उघडून काही न करता बंद केल्याच्या त्या खुणा आहेत. त्या सोडून द्या. आत्ता चालू असलेल्या सत्राचा लॉगही निवडता येत नाही, निवडलात तर ग्नूकॅश नकार देतं. त्याच्या आधीचा शोधा.

लॉग म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथेच स्पष्ट असावं. त्यात फक्त व्यवहारांमधले बदल असतात. नवीन उघडलेली खाती त्यात नसतात. ठरावीक मुदतीने होणाऱ्या व्यवहारांची वेळापत्रकं आणि बिलं यांत केलेले बदलही नसतात. बिलामुळे खात्यात पडलेली नोंद परत येईल, पण तिचं बिलाशी असलेलं नातं तुटलेलं असू शकतं.

लॉग आतून कसा दिसतो

लॉग ही साधी मजकुराची फाइल आहे. पहिल्या ओळीत कॉलमची नावं असतात, दुसरीत नुसती रेघ. त्यापुढे एकेक व्यवहार ‘===== स्टार्ट’ आणि ‘===== एंड’ या दोन ओळींच्या मध्ये असतो. मधली प्रत्येक ओळ म्हणजे एक स्प्लिट, म्हणजेच त्या व्यवहारातली एका खात्यावरची नावे किंवा जमा बाजू. ओळीत १७ रकाने असतात आणि त्यांच्या मध्ये टॅब असतो, म्हणजे प्रत्येक ओळीत बरोबर १६ टॅब. रकाने या क्रमाने येतात:

१ कृती, २ व्यवहाराचा जीयूआयडी, ३ स्प्लिटचा जीयूआयडी, ४ बदल केल्याची वेळ, ५ नोंद भरल्याची वेळ, ६ व्यवहाराची तारीख, ७ खात्याचा जीयूआयडी, ८ खात्याचं नाव, ९ क्रमांक, १० तपशील, ११ टीप, १२ मेमो, १३ अ‍ॅक्शन, १४ ताळमेळाची खूण, १५ अमाउंट, १६ व्हॅल्यू, १७ ताळमेळाची तारीख.

पहिल्या रकान्यातल्या एका अक्षरावर सगळं अवलंबून असतं. बी म्हणजे बदलाला सुरुवात: बदलायच्या आधी व्यवहार कसा होता ते. सी म्हणजे बदल पक्का झाला: व्यवहार आता कसा आहे ते. डी म्हणजे व्यवहार काढून टाकला. आर म्हणजे बदल रद्द केला. रीप्ले करताना बी आणि आर सोडून दिले जातात, सी आणि डी पाळले जातात. एकाच पावतीचा बी आणि सी दोन्ही दिसले तर घाबरू नका. एक जुना फोटो आहे, दुसरा नवा.

रक्कम अपूर्णांकात लिहिलेली असते, पैशांत. ३,५०० रुपये म्हणजे ३५००००/१००. नावे बाजू अधिक, जमा बाजू उणे. एका व्यवहारातल्या सगळ्या ओळींच्या १६ व्या रकान्याची बेरीज शून्य यायलाच हवी. रुपयांच्या व्यवहारात १५ वा आणि १६ वा रकाना सारखाच असतो. शेअर किंवा म्युच्युअल फंडाच्या नोंदीत १५ व्यात युनिट असतात आणि १६ व्यात रुपये, तिथे ते सारखे करायला जाऊ नका.

वेळा साडेपाच तास मागे दिसल्या तर ती चूक नाही, त्या युटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळा आहेत. व्यवहाराच्या तारखेपुढे १०:५९ अशी वेळ दिसते तीही तशीच राहू द्या. तारीख टाइम झोनमुळे एक दिवस मागेपुढे सरकू नये म्हणून ती ठेवलेली आहे.

खात्याचं नाव तुमच्या-माझ्या सोयीसाठी असतं. ग्नूकॅश खातं ओळखतं ते सातव्या रकान्यातल्या जीयूआयडीवरून.

फाइल कशात उघडायची

एक्सेल किंवा कॅल्कमध्ये अजिबात नको. काही अपूर्णांक तारखा होतात, आणि सगळे आकडे असलेला जीयूआयडी आला की तो संख्या होऊन त्याची शेवटची घरं शून्य होतात. वर्ड तर नकोच. विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस, लिनक्सवर केट किंवा जीनी यांपैकी काही वापरा, आणि टॅब व ओळ संपल्याच्या खुणा डोळ्यांना दिसतील अशी सोय चालू करा. ‘टॅबच्या जागी स्पेस घाला’ ही सोय मात्र आधी बंद करा. ती चालू असताना दुरुस्त केलेली ओळ अगदी बरोबर दिसते, आणि रीप्लेला ती वाचता येत नाही.

सेव्ह करताना यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवण्याची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) हवं, बीओएमशिवाय. बीओएम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारे तीन अदृश्य बाइट. ते बसले की पहिली ओळ अपेक्षित शीर्षाशी जुळत नाही आणि ‘शीर्ष ओळखता आलं नाही’ हा संदेश येतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधीचं नोटपॅड यूटीएफ-८ निवडलं की बीओएम घालतंच. तो संदेश आला की सर्वात आधी हेच तपासा.

मराठीत तपशील लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. लाइट जाताना ओळ अक्षराच्या मध्येच तुटली तर शेवटी एक किंवा दोन बाइट लोंबकळत राहतात. काही एडिटर असा एक भंगलेला बाइट पाहून अख्खी फाइल यूटीएफ-८ नाही असं ठरवतात, आणि मग ‘मेंटेनन्स’च्या जागी à¤®à¥‡ अशी अक्षरं दिसू लागतात. त्या अवस्थेत सेव्ह केलंत तर चांगल्या ओळीही कायमच्या बिघडतील. सेव्ह न करता बंद करा, पुन्हा उघडा, एन्कोडिंगच्या मेन्यूतून यूटीएफ-८ म्हणून वाचायला सांगा, आणि शेवटचा तुटका तुकडा काढा.

तुटलेली शेवटची नोंद

सर्वात जास्त आढळणारा दोष हाच. ग्नूकॅश प्रत्येक व्यवहारानंतर लॉग ऑपरेटिंग सिस्टमकडे सोपवतं, पण सिस्टमने तो डिस्कवर प्रत्यक्ष उतरवायच्या आधी वीज गेली तर शेपूट अर्धवट राहते. कधी शेवटची ओळ मध्येच संपते, कधी तिच्या जागी शून्य बाइटांची रांग असते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ती काळ्या चौकोनांत ‘नल’ अशी दिसते.

फाइलच्या तळाशी असं दिसलं समजा (मधले रकाने गाळले आहेत):

===== स्टार्ट
सी … बँक चालू खाते … फ्लॅट ३०४ पावती … एन … ३५००००/१०० … ३५००००/१००
सी … मेंटेनन्स … फ्लॅट ३०४ पावती … एन … -३०००००/१०० … -३०००००/१००
सी … सिंकिंग फंड … फ्लॅट ३०४ पा

ही नोंद तशीच आत गेली तर बँकेत ३,५०० नावे, मेंटेनन्सला ३,००० जमा, आणि उरलेले ५०० इम्बॅलन्स-आयएनआर मध्ये जाऊन बसतात. ५०० कुठून आले हे मार्चअखेरीला कुणालाही आठवणार नाही.

दुरुस्ती अशी करा. तुटक्या ओळीत जे पूर्ण उरलंय ते हलवू नका. व्यवहाराचा जीयूआयडी, स्प्लिटचा जीयूआयडी आणि खात्याचा जीयूआयडी प्रत्येकी ३२ अक्षरांचे आहेत का ते मोजा. त्यांत ० ते ९ आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. पूर्ण असतील तर पुढचे रकाने वरच्या ओळीवरून जसेच्या तसे उतरवा: तपशील, टीप, ताळमेळाची खूण ‘एन’, शेवटची तारीख. रक्कम मात्र बेरीज शून्य होईल अशी: -५००००/१००, पंधराव्यात आणि सोळाव्यात दोन्हीकडे. ओळ संपवा, खाली ‘===== एंड’ लिहा, त्यानंतर एक रिकामी ओळ सोडा.

स्प्लिटचा जीयूआयडीच तुटला असेल तर नवा बनवता येतो. वरच्या ओळीतला घ्या, त्याची शेवटची तीन-चार अक्षरं बदला, आणि तसा क्रमांक त्या लॉगमध्ये दुसरीकडे नाही हे शोधून पाहा. खात्याचा जीयूआयडी तुटला असेल तर तो बनवायचा नाही. त्याच खात्याची दुसरी एखादी ओळ लॉगमध्ये असतेच, तिथून उचला.

किती ओळी होत्या हेच कळत नसेल, म्हणजे व्यवहारात अजून दोन स्प्लिट असतील अशी शंका असेल, तर अंदाज बांधू नका. पावती पुस्तक किंवा व्हाउचर समोर ठेवा. तेही नसेल तर तो एक ब्लॉक स्टार्टपासून काढून टाका आणि ती नोंद नंतर रजिस्टरमध्ये हाताने भरा. एक नोंद पुन्हा भरायला मिनिट लागतं, चुकीची शोधायला महिना जातो.

शेवटी फक्त बी ब्लॉक असेल आणि त्याच क्रमांकाचा सी नसेल, तर लॉग तुटलेला नाही. एंटर दाबायच्या आधी लाइट गेली, एवढंच. ती नोंद पक्कीच झाली नव्हती.

मधल्या ओळीत जास्तीचा टॅब

बँकेच्या वेबसाइटवरून किंवा स्प्रेडशीटमधून तपशील उचलून चिकटवला की त्यात टॅब किंवा नवी ओळ दडलेली असू शकते. तशी ती लॉगमध्ये उतरली असेल तर पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात आणि रकमेच्या जागी भलतंच काही वाचलं जातं. नवी ओळ शिरली असेल तर एक स्प्लिट दोन ओळींत तुटलेला दिसतो, आणि दुसरी ओळ ना सी ने सुरू होते, ना डी ने.

लिनक्सवर ऑक ही मजकूर रकान्यांत तोडून तपासणारी कमांड वापरून टॅब हा विभाजक द्या आणि १७ रकाने नसलेल्या ओळी ओळ क्रमांकासह छापा. ‘=====’ च्या ओळी, रेघ आणि रिकाम्या ओळी त्यात येणारच, त्या सोडून उरतील त्या दोषी. विंडोजवर संशयित ओळ निवडा, शोधण्याच्या खिडकीत ‘एक्स्टेंडेड’ निवडून बॅकस्लॅश-टी लिहा, ‘इन सिलेक्शन’वर खूण करा आणि ‘काउंट’ दाबा. सोळा यायला हवेत. सतरा आले तर तपशील, टीप आणि मेमो हे तीन रकाने पाहा, जास्तीचा टॅब बहुतेक तिथेच सापडतो. त्याच्या जागी एक स्पेस घाला. पंधरा असतील तर एखादा रिकामा रकाना मिटला आहे. दोन लागोपाठच्या टॅबांमधला रिकामा रकानाही रकानाच असतो, तो नीटनेटकेपणासाठी काढायचा नाही.

खातंच सापडत नाही

त्या सत्रात तुम्ही नवीन खातं उघडलं होतं, समजा ‘टँकर खर्च’. खातं उघडलं, त्यावर सहा बिलं भरली, सेव्ह केलं नाही. लॉगमध्ये सहा व्यवहार आहेत, खात्याचा जन्म मात्र कुठेच नोंदलेला नाही. रीप्लेला तो जीयूआयडी मुख्य फाइलमध्ये सापडत नाही आणि खर्चाची बाजू लटकते. फक्त त्या नावाचं खातं पुन्हा उघडून भागत नाही, कारण नव्या खात्याला नवा जीयूआयडी मिळतो.

यावर उपाय सोपा आहे. मुख्य फाइलच्या कॉपीत ‘टँकर खर्च’ खातं पुन्हा उघडा, त्याच प्रकाराचं, त्याच पालक खात्याखाली. सेव्ह करा. मग त्यावर एक रुपयाची कच्ची नोंद करा आणि फोल्डरमध्ये नुकताच तयार झालेला लॉग एडिटरमध्ये उघडा. तळाच्या सी ब्लॉकमध्ये टँकर खर्चाच्या ओळीतला सातवा रकाना म्हणजे नवा जीयूआयडी. तो कॉपी करा, जुन्या लॉगमध्ये जुन्या जीयूआयडीच्या जागी सगळीकडे घाला. बदलणाऱ्या खिडकीत अख्खी ३२ अक्षरं चिकटवा, हाताने टाइप करू नका. किती ठिकाणी बदललं तो आकडा पाहा: सहा बिलं असतील तर निदान सहा सी ओळी बदलल्या पाहिजेत, बीमुळे जास्तही होतील. मग ती एक रुपयाची नोंद रजिस्टरमधून काढून टाका आणि सेव्ह करा.

परकी चलनं वापरत असाल तर आणखी एक मर्यादा आहे. वरच्या १७ रकान्यांत व्यवहाराचं चलन नाही. परदेशातून लेकाने पाठवलेल्या डॉलरची नोंद रीप्लेनंतर रुपयांतच बरोबर बसली का, ते प्रत्येक नोंद उघडून पाहावं लागतं.

चुकून काढलेला व्यवहार परत आणणे

लॉगचा हा उपयोग फार कमी लोकांना माहीत आहे. लाइट गेलेली नाही, सेव्हही झालेलं आहे, पण परवा कुणीतरी भलतीच नोंद डिलीट केली. त्या दिवसाचा लॉग उघडा, तपशिलावरून शोधा आणि डी ब्लॉक सापडला की त्याच व्यवहाराचा त्याच्या लगेच आधीचा बी ब्लॉक घ्या. काढण्यापूर्वी व्यवहार जसा होता तसा तो बी मध्ये आहे. स्टार्टपासून एंडपर्यंतचा तो ब्लॉक एका नव्या फाइलमध्ये चिकटवा, वर मूळ लॉगच्या पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा ठेवा, आणि ब्लॉकमधल्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर बी चं सी करा. एकही ओळ बी राहू देऊ नका. ही छोटी फाइल रीप्ले केली की तो एकच व्यवहार परत येतो, बाकी कशालाही धक्का लागत नाही.

मूळ लॉगला हात न लावता हवे ते ब्लॉक छोट्या फाइलीत काढायची ही पद्धत बाकीच्या दुरुस्त्यांनाही चांगली. चारशे ओळींच्या लॉगमध्ये तीनच ब्लॉक खराब असतील तर त्या तिघांवरच लक्ष राहतं.

चालवणे आणि ताळा

दुसऱ्या फोल्डरमधली मुख्य फाइलची कॉपी उघडा. ज्या बँक खात्यावर बहुतेक पावत्या पडल्या आहेत त्याची आत्ताची शिल्लक कागदावर लिहा. मग फाइल मेन्यू, इम्पोर्ट, ‘रीप्ले ग्नूकॅश डॉट लॉग फाइल’, आणि दुरुस्त केलेली फाइल निवडा. लगेच सेव्ह करू नका.

आधी बँकेची नवी शिल्लक पासबुकाशी लावून पाहा. मग खात्यांच्या यादीत इम्बॅलन्स-आयएनआर किंवा ऑर्फन-आयएनआर आलं का ते पाहा. अ‍ॅक्शन्स मेन्यूतलं ‘चेक अँड रिपेअर’ सगळ्या खात्यांवर चालवा: ते बेवारस बाजू या दोन खात्यांत आणून टाकतं, म्हणजे लपलेले दोष नजरेसमोर येतात. त्याने दोष *सुटत* नाहीत. त्या खात्यात पडलेली प्रत्येक ओळ उघडून योग्य खात्यावर नेणं हे तुमचंच काम. शेवटी तेरीज काढा आणि पावती पुस्तकाच्या क्रमांकांवर बोट ठेवून एकेक पावती टिकमार्क करा. दहा मिनिटं लागतात, ती वाचवू नका.

काही नोंदी आल्याच नाहीत तर ग्नूकॅशची ट्रेस फाइल पाहा. लिनक्सवर ती टेम्प फोल्डरमध्ये ‘ग्नूकॅश डॉट ट्रेस’ नावाने असते, विंडोजवरही टेम्प फोल्डरमध्येच तशाच नावाने सुरू होणारी. काही बिघडलं की सेव्ह न करता बंद करा, लॉग दुरुस्त करा, नवी कॉपी घेऊन पुन्हा चालवा. तोच लॉग स्वच्छ कॉपीवर कितीही वेळा चालवता येतो.

या दुरुस्तीत रकमा, तारखा किंवा खाती ‘बरोबर’ करायची नाहीत. लॉगमधली नोंद मुळातच चुकीची भरलेली असेल तर ती तशीच आत येऊ द्या आणि चूक रजिस्टरमध्ये, आजच्या तारखेच्या दुरुस्ती नोंदीने सुधारा. दुरुस्त केलेल्या लॉगसोबत मूळ लॉग आणि कोणत्या ओळी का बदलल्या याची चार ओळींची चिठ्ठी ऑडिटरसाठी ठेवा. लॉग ही कुणालाही बदलता येणारी फाइल आहे, तो पुरावा धरता येत नाही. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांत बदलांचा माग बंद न करता येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. सोसायटी किंवा दुकान त्या नियमात येत नसलं तरी ही चिठ्ठी ठेवावी, पुढच्या खजिनदाराला तिचा आधार होतो.

पुन्हा पुन्हा का होतं

कारण नोंद पक्की होणं आणि फाइल सेव्ह होणं यात अंतर आहे. मुख्य फाइल सेव्ह होईपर्यंत बदल फक्त मेमरीत आणि लॉगमध्ये असतात. आपोआप सेव्ह होण्याचं अंतर मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटं असतं. पहिल्यांदा विचारलं जातं तेव्हा अनेकजण ‘कधीच नको’ दाबतात आणि विसरतात. प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली जाऊन ते पाहा, २ किंवा ३ मिनिटं ठेवा. तिथेच लॉग आणि बॅकअप ठेवण्याची मुदत ऑडिट होईपर्यंत ‘कायम’ करा.

हिशोबाची फाइल थेट पेन ड्राइव्हवरून किंवा आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमधून चालवू नका. सिंक चालू असताना सेव्ह झालं की फाइलच्या दोन आवृत्त्या तयार होतात, आणि मग कोणता लॉग कोणत्या आवृत्तीचा हे शोधणंच मोठं काम होतं. मशीनच्या डिस्कवर चालवा, काम संपल्यावर कॉपी करा.

लाइट रोजच जात असेल तर फाइल एसक्यूलाइट प्रकारात सेव्ह अ‍ॅज करण्याचा विचार करा. त्यात प्रत्येक नोंद एंटर दाबल्याबरोबर डेटाबेसमध्ये जाते, सेव्हची वाट पाहावी लागत नाही. पण मग ‘सेव्ह न करता बंद करतो’ ही पळवाट उरत नाही. शिकाऊ माणूस फाइलवर बसत असेल तर त्याच्यासाठी वेगळी सरावाची फाइल करून द्या.